उल्हासकांठचा वाघ आणि त्याचें बंगाली नांव

कल्याण मागें टाकून आगगाडी पुण्याच्या रोखानें निघाली म्हणजे उजव्या हातास मलंगगडाचा सुळका दिसूं लागतो, आणि विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हीं स्टेशनें एकामागून एक येतात. या वाटेनें रोज ये-जा करणारास रानाची आठवण होण्याचें कांहीं कारण उरलेलें नाहीं. रुळांच्या दोहों बाजूंस घरें, कारखाने आणि पुन्हा घरें. तरीही २०१९ सालच्या जानेवारींत उल्हासनगरांतील एका घरांत बिबळ्या शिरला, आणि वनखात्याच्या माणसांनीं त्यास गुंगीचें औषध टोंचून नेलें. अशा प्रसंगीं आमच्याकडील लोक 'वाघ आला' असेंच म्हणतात. मग कोणी तरी शहाणा त्यांस हंसतो व सांगतो कीं, वाघ कसला, तो तर बिबळ्या! आमच्या मतें या हंसण्यांत थोडी घाई होते. वाघ कोणास म्हणावें, आणि वाघावाघांत भेद कोणता व किती, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं. गेलीं अडीचशेंहून अधिक वर्षें युरोपांतील व अलीकडे सर्व जगांतील पंडित त्यावर वाद घालीत आहेत.

मराठी माणसाच्या तोंडीं 'वाघ' हा शब्द एका सबंध घराण्याचा आहे. अंगावर पट्टे असले तर पट्टेरी वाघ. तोच मोठा आडदांड असला तर ढाण्या वाघ. ठिपके असले तर बिबळ्या वाघ किंवा बिबट्या. कित्येक ठिकाणीं या ठिपकेवाल्यासच चित्ता म्हणून मोकळे होतात. वस्तुतः चित्ता हें अगदीं निराळें जनावर, आणि तें तर विसाव्या शतकाच्या मध्यास हिंदुस्थानांतून नाहींसें झालें. पुढें २०२२ सालीं तें आफ्रिकेंतून आणावें लागलें. हा घोटाळा केवळ अडाण्यांचा आहे असें मात्र कोणी समजूं नये. अमरकोशकारानें व्याघ्राचे पर्याय देतांना शार्दूल आणि द्वीपी हे दोन्ही शब्द एकाच ओळींत बसविले आहेत. द्वीपी म्हणजे ज्याच्या अंगावर बेटें आहेत तो, अर्थात् ठिपक्यांचा. कोशकारास जें चाललें तें उल्हासनगरच्या रहिवाशास कां चालूं नये?

ठाणें जिल्ह्याच्या डोंगरपट्टींत राहणारे वारली, ठाकर, महादेव कोळी यांचा वाघोबा किंवा वाघदेव हाही असाच व्यापक आहे. लांकडाच्या फळीवर अगर दगडावर वाघाची आकृति कोरलेली, वर चंद्र-सूर्य, पुढें शेंदूर व नारळ, असें त्याचें ठाणें असतें. आश्विन वद्य द्वादशीस, म्हणजे आपल्या घरीं वसुबारस होते त्याच दिवशीं, पुष्कळ डोंगरी गांवांत वाघबारस होते. गुराखी रानांत खीर शिजवितात व गुरांस वर्षभर अभय मिळावें म्हणून वाघदेवास नैवेद्य दाखवितात. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत मुंबई उपनगर, ठाणें व पालघर या तीन जिल्ह्यांत वाघोबाचीं सुमारें दीडशें ठाणीं नोंदलीं गेलीं. या टापूंत पट्टेरी वाघ राहिलेला नाहीं. तेथें आतां फिरतो तो बिबळ्या. परंतु भक्तांनीं देव बदललेला नाहीं. थोरला भाऊ गेला, त्याचा मान धाकट्यास मिळाला, इतकेंच.

आतां शास्त्राच्या घरीं जाऊं.

१७५८ सालीं स्वीडनच्या लिनियसनें आपल्या 'सिस्टेमा नॅच्युरी' या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तींत वाघास 'फेलिस टायग्रिस' असें लॅटिन नांव दिलें. लिनियसनें रानांतला वाघ पाहिलेला नव्हता. आधींच्या लेखकांनीं लिहून ठेवलें होतें त्यावरून त्यानें हें नामकरण उरकलें, आणि वाघाचें वसतिस्थान म्हणून आशिया एवढेंच सांगितलें. पुढें जेव्हां निरनिराळ्या देशांतील वाघांस निरनिराळीं नांवें देण्याची वेळ आली, तेव्हां लिनियसचा वाघ नेमका कोठला, हें ठरविणें भाग पडलें. १९११ सालीं लंडनच्या ब्रिटिश म्यूझियमांतील ओल्डफील्ड टॉमस यानें तें स्थान बंगाल असें ठरवून टाकलें. तेव्हांपासून हिमालयाच्या पायथ्याचा, मेळघाटचा, म्हैसूरचा आणि आमच्या उल्हासकांठचा असा सर्व हिंदी वाघ 'बंगाली वाघ' झाला. अंबरनाथच्या देवळामागच्या रानांत जो डरकाळी फोडीत असे, त्यास बंगालचें नांव मिळावें, आणि तें लंडनमध्यें बसलेल्या पंडिताच्या लेखणीनें मिळावें, यांत आम्हांस थोडी गंमत वाटते.

ही गंमत आणखी पुढें जाते. ज्या बंगालवरून सर्व हिंदी वाघांचें नांव पडलें, त्या बंगालच्या सुंदरबनांतील वाघ हा आपल्या सर्व भाऊबंदांत लहान आहे. बांगलादेशाच्या हद्दींतील सुंदरबनांत ज्या थोड्या वाघिणी तोलल्या गेल्या त्यांचें वजन सरासरीनें पाऊणशें किलोंच्या किंचित् वर भरलें. इतरत्र 'बंगाली' वाघीण सरासरीनें १३० ते १४० किलो भरते. खाऱ्या चिखलांत राहणारा, पोहणारा, लहान हरणांवर गुजराण करणारा तो वाघ असा अंगानें आटला. म्हणजे नांवाचा जो धनी, तोच आपल्या वर्गाचा सर्वांत वाईट नमुना! एका उपजातीच्या पोटांत एवढें अंतर असतांना दोन उपजातींच्या सीमा कशा आंखावयाच्या, ही अडचण वाचकांनीं येथेंच ध्यानांत ठेवावी.

लिनियसच्या मागून यादी वाढत गेली. १८१५ सालीं इलिगरनें कास्पियन समुद्राकडच्या वाघास वेगळें काढलें. १८४४ सालीं हॉलंडच्या टेमिंकनें एकदम दोन उपजाती केल्या: उत्तरेकडील लांब केसांचा, ज्यास आज सैबेरियाचा किंवा अमूर नदीचा वाघ म्हणतात, तो, आणि जावा बेटाचा. १९०५ सालीं हिल्झहायमरनें चीनमधील हांकौ येथून आलेल्या पांच कवट्यांवरून दक्षिण चीनचा वाघ ठरविला. १९१२ सालीं श्वार्ट्झनें बाली बेटाचा वाघ जाहीर केला. त्याच्यापुढें एक कातडें व एक कवटी होती. याखेरीज कोरियाचा वाघ, मध्य आशियांतील लोप नोर सरोवराचा वाघ, अशीं पुढें न टिकलेलीं नांवेंही पुष्कळ झालीं. पांच कवट्या, एक कातडें! एखाद्या परकीयानें सदाशिव पेठेंतील एका गृहस्थास पाहून सबंध महाराष्ट्राची मुखचर्या ठरवावी, तशांतला हा प्रकार होता. तथापि त्या पंडितांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांच्याकडे जें पोंचलें त्यावर ते लिहीत होते, आणि काय पोंचावें हें शिकाऱ्याच्या व बंदरावरील व्यापाऱ्याच्या हातीं होतें.

या इतिहासांतील एक महत्त्वाचें पान मुंबईंत छापलें गेलें आहे. १८८३ सालीं स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत १९२९ सालीं रेजिनाल्ड पोकॉक यांचा 'टायगर्स' या नांवाचा विस्तृत निबंध आला. पोकॉक पूर्वीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयाचे अधिकारी होते, नंतर ब्रिटिश म्यूझियमांत कवट्या व कातडीं तपाशीत बसत. या निबंधांत त्यांनीं सुमात्राचा वाघ जावाच्या वाघाहून वेगळा काढला. त्याहून मोलाची गोष्ट अशी कीं, एकट्या हिंदुस्थानांतील वाघांत रंग, केंस व पट्टे यांचा केवढा फरक असतो, हें पुष्कळ कातडीं एकत्र मांडून त्यांनीं दाखविलें. एक गडद नारिंगी, तर दुसरा मातकट पिवळा. एकाचे पट्टे दाट व जोडीजोडीनें आलेले, तर दुसऱ्याच्या खांद्यावर जवळजवळ पट्टेच नाहींत. आणि हे दोघेही एकाच जिल्ह्यांतले असूं शकतात.

योगायोग असा कीं, ज्या १९२९ सालीं हा निबंध मुंबईंत छापून निघाला, त्याच सालीं मुंबईच्या वेशींवर, साष्टींतील विहार तलाव व कान्हेरी लेणीं यांच्या रानांत, एक वाघ गोळीस बळी पडला. साष्टींतला तो अखेरचा वाघ म्हणून सांगितला जातो. वाघांची यादी छापखान्यांत पुरी होत असतां छापखान्यापासून दहा-पंधरा कोसांवर त्यांतील एक ओळ खोडली जात होती.

वाघावाघांत खरोखर भेद काय असतात? प्रथम आकार. उत्तरेच्या थंडींतील वाघ मोठा, विषुववृत्ताजवळच्या बेटांवरील लहान. थंड प्रदेशांतील प्राणी अंगानें थोराड असतात हा नियम जर्मनीच्या बर्गमाननें १८४७ सालीं मांडला, तो येथें बऱ्याच अंशीं लागू पडतो. सुमात्राचा नर शंभर ते एकशें चाळीस किलोंचा. बालीचा त्याहूनही हलका, शंभर किलोंच्या आंतबाहेर. हिंदी नर एकशें ऐंशीपासून अडीचशेंच्या पुढें. अमूरच्या वाघाची ख्याति याहून अधिक. परंतु अलीकडे रानांत पकडून तोललेले नर सरासरीनें हिंदी वाघापेक्षां जड निघाले नाहींत. शिकाऱ्यांच्या जुन्या हकीकतींत वाघ मेल्यावर वाढतो, हें सर्वांस ठाऊकच आहे. दुसरा भेद केंसांचा. अमूरच्या वाघाची हिंवाळी लोंकर लांब, रंग फिका. सुमात्राच्या वाघाचे केंस आंखूड, रंग गडद, पट्टे अरुंद व एकमेकांस चिकटून, आणि नराच्या गालांवर कल्ल्यांसारखे झुपके. तिसरा भेद कवटीचा. जावा व बाली येथील वाघांच्या कवटीचा मागचा भाग अरुंद असे, भूप्रदेशावरील वाघांचा रुंद असतो. अभ्यासकांस सर्वांत भरंवशाचा वाटला तो हाच भेद. पण तो जनावर जिवंत असतां दिसत नाहीं.

पट्ट्यांविषयीं थोडें अधिक सांगितलें पाहिजे. दोन वाघांचे पट्टे कधीं एकसारखे नसतात. इतकेंच नव्हे तर एकाच वाघाच्या डाव्या व उजव्या कुशीचे पट्टेही जुळत नाहींत. याचाच उपयोग करून उल्हास कारंथ यांनीं नागरहोळेच्या जंगलांत झाडांस कॅमेरे बांधून वाघ मोजण्याची पद्धति बसविली व १९९५ सालीं तिचा निष्कर्ष प्रसिद्ध केला. पावलांच्या ठशांवरून शिरगणती करण्याचा जुना परिपाठ पुढें मागें पडला तो यामुळें. ज्या पट्ट्यांच्या आधारें पूर्वीं उपजाती ठरविल्या जात, ते पट्टे उपजातीपेक्षां व्यक्तीची ओळख अधिक चांगली पटवितात, असें यावरून निघालें. रंगाची गोष्टही तशीच. १९५१ सालीं रेवा संस्थानचे महाराज मार्तंडसिंह यांनीं पकडलेला पांढरा बच्चा 'मोहन' जगप्रसिद्ध झाला. पुष्कळ लोक अजूनही पांढऱ्या वाघास निराळी जात समजतात. ती एका जनुकांतील फरकाची करामत आहे, आणि तें जनुक २०१३ सालीं ओळखलेंही गेलें. ओडिशांतील सिमिलिपालचे काळसर वाघही असेच. तेथें थोडेच वाघ उरले व आपसांतच नातीं जुळत गेलीं, म्हणून एक विरळा गुण घरोघर पसरला. २०२१ सालीं त्याचेंही मूळ सांपडलें.

पोकॉकनंतरही यादी थांबली नाहीं. १९६८ सालीं प्रागच्या माझाक या प्राणिशास्त्रज्ञानें इंडोचीनचा वाघ वेगळा काढला व जिम कॉर्बेट यांचें नांव त्यास दिलें. २००४ सालीं १३४ वाघांचें रक्त, कातडें वगैरे तपासून निघालेल्या अभ्यासांत मलायाचा वाघ त्यापासूनही निराळा निघाला. एकूण उपजाती नऊ झाल्या. त्यांतील तीन, म्हणजे बाली, जावा व कास्पियनच्या, त्यापूर्वींच संपल्या होत्या. बालीवरचा शेवटचा निश्चित नोंदलेला वाघ १९३७ सालीं मारला गेला. जावांतील खात्रीच्या खुणा १९७६ च्या सुमारास थांबल्या. कास्पियनचा त्याच दशकांत दिसेनासा झाला. दक्षिण चीनचा आतां पिंजऱ्यांतच आहे.

इतक्यांत मूळ इमारतीसच हादरा बसला. ब्रिटनचे अँड्र्यू किचनर यांनीं १९९९ सालीं विचारलें कीं, आशियाच्या भूमीवर सैबेरियापासून कन्याकुमारीपर्यंत वाघ जर सलग पसरलेला होता, तर मध्यें भिंती कोणी घातल्या? उंचवट्याचा रस्ता हळूहळू चढत जावा तसे हे भेद एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकाकडे सरकत जातात. ज्यानें दोनच टोंकें पाहिलीं त्यास ते तुटक वाटतात. २०१५ सालीं दोनशेंवर कवट्या व शंभरावर कातडीं मोजून एका मंडळानें दोनच उपजाती मान्य केल्या: एक भूखंडावरील व एक सुंद बेटांवरील, म्हणजे सुमात्रा, जावा व बाली येथील. २०१७ सालीं मार्जारकुलाच्या तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय मंडळानें हेंच मत उचललें. लगेच २०१८ सालीं ३२ वाघांची सबंध जनुकसंहिता वाचून दुसऱ्या मंडळानें सांगितलें कीं, छे, जिवंत असलेल्या सहाही उपजाती स्पष्ट निराळ्या आहेत. मात्र त्या सर्वांचा समान पूर्वज फार जुना नाहीं, सुमारें १ लाख १० हजार वर्षांपूर्वींचा आहे. नऊ, दोन कीं सहा? वाद मिटलेला नाहीं.

वाघ किती चालतो हें पाहिलें म्हणजे किचनर यांचें म्हणणें आम्हांस पटूं लागतें. यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वरच्या रानांतून २०१९ सालीं निघालेला एक तरुण नर तेलंगणांतून फिरून बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. गळ्यांतील पट्ट्याच्या नोंदीप्रमाणें त्यानें एकंदर तीन हजार किलोमीटरांची मजल मारली. टिपेश्वरचाच दुसरा एक वाघ २०२४ च्या अखेरीस धाराशिव जिल्ह्यांत येडशीच्या रामलिंग अभयारण्यांत दिसला. रस्ते, रूळ, कापसाचीं शेतें व गांवें ओलांडून जो आज इतका जातो, तो जंगलें सलग असतांना किती जात असेल?

असो. हा वाद केवळ पंडितांच्या बैठकींतला आहे असें वाचकांस वाटेल. पण तसें नाहीं. नांव एकदां पडलें कीं त्याचे परिणाम जनावरास भोगावे लागतात. कास्पियनचा वाघ ही स्वतंत्र उपजाति, असें धरलें तर ती संपली, विषय मिटला. परंतु २००९ सालीं म्यूझियमांतील जुन्या कातड्यांचे व हाडांचे तुकडे तपासले तेव्हां असें दिसलें कीं, आईकडून येणाऱ्या जनुकलेखांत कास्पियनच्या आणि अमूरच्या वाघांत केवळ एका अक्षराचा फरक आहे. म्हणजे ते एकाच घरचे. या एका शोधामुळें कझाकस्तानांत बल्काश सरोवराच्या कांठीं पुन्हा वाघ वसविण्याचा मार्ग मोकळा झाला, व २०२४ सालीं त्यासाठीं हॉलंडहून वाघांची एक जोडी तेथें नेली गेली.

आमच्या दाराशीं हाच प्रश्न निराळ्या वेषांत उभा आहे. महाराष्ट्रांत २०२२ च्या गणतीप्रमाणें ४४४ वाघ आहेत. पण ते बहुतेक सर्व विदर्भांत. कोयना व चांदोली मिळून २०१० सालीं सह्याद्रि व्याघ्रप्रकल्प झाला, आणि तेथें वाघाचें छायाचित्र मिळावयास २०१८ साल उजाडलें. तेथें येणारे वाघ दक्षिणेकडून, काळी नदीच्या जंगलांतून डोंगराच्या धारेनें येतात. आतां ताडोबा व पेंच येथील आठ वाघ सह्याद्रींत आणण्यास २०२५ सालीं केंद्र सरकारची परवानगी मिळाली आहे. २०१७ सालच्या एका अभ्यासांत हिंदी वाघांचे तीन गट दिसले: दक्षिणेचा एक, मध्य भारत व तराई यांचा एक, आणि रणथंभोरचा एक. त्या हिशेबानें चंद्रपूरचा वाघ व सह्याद्रीचा वाघ भिन्न गटांचे होतात. मग ही सरमिसळ करावी काय? आम्हांस वाटतें, करावी. 'बंगाली' हें नांव दोघांसही सारखेंच परकें आहे. आणि त्यांच्यामधली दरी निसर्गानें जितकी पाडली त्याहून अधिक गेल्या दीडशें वर्षांत कुऱ्हाडीनें व बंदुकीनें पाडली. सिमिलिपालांत थोड्या वाघांत नातीं जुळत राहिल्याचें फळ आपण पाहिलेंच. जुनें रक्त शुद्ध राखण्याच्या हट्टापायीं सह्याद्रीस रिकामें ठेवणें आम्हांस पटत नाहीं.

मात्र एक गोष्ट मनास लागून राहते. दक्षिणेचा गट कोठें संपत होता व मध्य भारताचा कोठें सुरू होत होता, याचा साक्षीदार म्हणजे कोंकण व घाट यांच्या सांध्यावरचा वाघ, म्हणजेच उल्हासकांठचा वाघ. राजमाचीच्या डोंगरांतून निघून कर्जत, नेरळ, बदलापूर करीत कल्याणकडे वाहणारी ही नदी, तिच्या एका अंगास माथेरान व मलंगगड, दुसऱ्या अंगास घाटाची भिंत. हें वाघाचें जुनें घर. १८८२ सालच्या ठाणें गॅझेटियरांत जिल्ह्याच्या रानटी जनावरांत वाघ आहे. त्याच काळांत त्याचा अंत जवळ येत होता. १८५४ सालीं आगगाडी कल्याणास आली, १८६३ सालीं बोरघाट चढली. रुळांखालीं स्लीपर, मुंबईच्या चुलींस कोळसा व सर्पण, हें सर्व या खोऱ्यांतील व भोंवतालच्या रानांतून गेलें. हरिण-सांबर सरलें, वाघ गुरांवर आला, आणि वाघ मारणारास तर सरकार बक्षीस देतच होतें. महेश रंगराजन यांच्या अंदाजाप्रमाणें १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत हिंदुस्थानांत ऐंशी हजारांवर वाघ मारले गेले. पुढें अंबरनाथास आगपेट्यांचा कारखाना निघाला. दुसऱ्या महायुद्धांत कल्याणजवळ लष्करी छावणी पडली. फाळणीनंतर त्याच छावणींत सिंधहून आलेले निर्वासित राहिले, आणि ८ ऑगस्ट १९४९ रोजीं राजगोपालाचारींनीं त्या वस्तीचें उल्हासनगर असें नांव ठेविलें. घरादारास मुकलेल्या त्या माणसांनीं रानाची चौकशी करावी, असें कोण म्हणेल? नदीचें नांव गांवास मिळालें, पण नदीकांठचा जुना रहिवासी तोंपर्यंत निघून गेला होता.

अंबरनाथचें शिवालय शिलाहार राजा माम्वाणि याच्या वेळचें, शके ९८२ चें. व्याघ्रांबर नेसणाऱ्या देवाचें हें देऊळ नऊशें वर्षांहून अधिक काळ वालधुनीच्या कांठीं उभें आहे. १८६८ सालीं मुंबई सरकारनें माणसें पाठवून या देवळाचीं चित्रें व शिल्पांचे ठसे घेवविले. फार उत्तम केलें. आज झिजलेलीं शिल्पें समजून घेण्यास ते कामीं पडतात. ज्यांनीं वितभर शिल्पाचा ठसा घेण्याची काळजी घेतली त्याच राज्यांत वाघाचें कातडें दिवाणखान्यांत पसरलें जात होतें, आणि तें कोणत्या डोंगरांतलें हें त्याच्या पाठीवर लिहून ठेवावें असें फार थोड्यांस सुचलें. अभ्यासकास तर कातड्याइतकीच ती चिठ्ठी महत्त्वाची. स्थळ ठाऊक नसलेलें कातडें म्हणजे तारीख पुसलेला ताम्रपट.

कल्याणांतील आमच्या नात्याच्या एका जुन्या वाड्यांत असें एक कातडें आहे. त्याच्या मालकीचा सरकारी दाखला घरांत जपून ठेवलेला आहे. पण त्यांत मालकाचें नांव आहे, डोंगराचें नाहीं. डोळे कांचेचे, एक कान कसरीनें खाल्लेला, रंग उडून गव्हासारखा झालेला. लहानपणीं आम्ही त्यावर बसून पाढे म्हटले आहेत. गेल्या दिवाळींत तेथें गेलों असतां आम्हीं मुद्दाम विचारलें, हा वाघ कोठला? घरच्या वडील आत्याबाई चटकन् म्हणाल्या, "मलंगगडाच्या मागचा. आजोबांच्या वडिलांनीं मारला. बैलगाडींत घालून आणला तेव्हां सगळें गांव लोटलें होतें, असें माझी आई सांगे." त्यांचे धाकटे दीर माजघरांतून उद्गारले, "छे हो वहिनी! जव्हारच्या दरबाराकडून भेट आलेलें तें. मारलें नाहीं कोणी." दोघांचाही आवाज थोडा चढला, आणि फराळाचीं ताटें आलीं म्हणून तो वाद तेवढ्यावर राहिला.

कास्पियनच्या वाघाप्रमाणें याच्याही एखाद्या केंसाचें मूळ तपासतां येईल, आणि दोघांपैकीं कोण बरोबर हें कदाचित् त्यानें कळणार नाहीं; पण दक्षिणेचा गट कीं मध्य भारताचा, एवढें तरी कळेल. तें काम रीतसर परवानगी काढून करावयाचें आहे. तूर्त आम्हीं एका जाड कागदावर मलंगगड व जव्हार हीं दोन्ही नांवें, सांगणारांच्या नात्यासह, शाईनें लिहिलीं, खालीं तारीख घातली, आणि आत्याबाईंकडून सुई-दोरा मागून घेऊन तो कागद कातड्याच्या मागच्या अस्तरास टांचून ठेविला.